दोनच चेहरे आढळले

१२ डिसेंबर, दुपारी ३ वाजून ५२ मिनिटे. जळगावातील एका कर्मचारीविरहित हॉटेलच्या दारात मी नोंदवहीत लिहिले : ‘प्रवेशास अपेक्षित वेळ – दोन मिनिटे.’

साडेचारला माझी ऑनलाइन मुलाखत होती. पद संशोधन सहायकाचे. विषय, यंत्राद्वारे चेहऱ्याची ओळख! काकांच्या घरी चुलतबहिणीच्या साखरपुड्याचा गलका, म्हणून शांत खोली मीच निवडली होती. सोबत आई आणि आजोबा, म्हणजे आबा. “जळगावमा आपलं घर शे, आन् तू हाटेलमा उतरस?” हा प्रश्न आबांनी धुळ्याहून येताना पारोळ्यापासून चार वेळा विचारला होता.

भिंतीवरील यंत्राने फर्मावले, ‘सर्व पाहुण्यांनी एकत्र उभे राहून चेहरा दाखवावा.’

आम्ही उभे राहिलो.

‘दोनच चेहरे आढळले.’

मी वळून पाहिले. आईने पदर हनुवटीपर्यंत ओढला होता!

“आई, पदर वर कर.”

“आबांसमोर? शुद्धीवर आहेस ना? त्यांना सांग, जरा तिकडे तोंड करा म्हणावं.” (आबा हाताच्या अंतरावर होते, पण सासऱ्यांशी थेट बोलणे आईच्या नियमात बसत नसे.)

आबांनी भिंतीकडे तोंड केले. आईने पदर वर केला. ‘दोनच चेहरे आढळले.’

मी शास्त्रशुद्ध विचार केला आणि आईला आबांच्या मागे उभे केले. परंतु यंत्राचा पडदा आरशासारखा! त्यात नजरानजर होताच पदर खाली. मग आबांनी डोळे मिटले. ‘पाहुण्यांनी डोळे उघडे ठेवावेत.’

प्रयत्न सात. वेळ ४.१४.

शेवटी आबाच कडाडले, “सूनबाई, मी काय वाघ शे का? पंचवीस वरीस तुना हातनी भाकर खाई रायनू! पोरनी परीक्षा शे. कर पदर वर!”

आईने श्वास रोखून पदर वर केला, आणि तिला हसूच फुटले. आबा पडद्याकडे पाहतच राहिले.

“अरे, सूनबाई हासस बी!”

“कधीमधी, आबा,” आई म्हणाली. थेट!

यंत्राने त्या दोघांना तत्काळ स्वीकारले. नाकारले ते मला! यंत्र चेहरा आधार कार्डावरच्या फोटोशी जुळवून पाहत होते, आणि त्या फोटोत मी नववीतली, दोन वेण्यांची. आता केस खांद्यापर्यंत. ‘चेहरा जुळत नाही.’ वेळ ४.२३.

“बस खाली,” म्हणत आईने पिशवीतून कंगवा काढला, आणि साखरपुड्याच्या ताटाची लाल रिबीनही.

“आई, माझं पदव्युत्तर शिक्षण झालंय!”

“मान हलवू नकोस.”

‘स्वागत आहे!’ दार उघडले. ४.२९!

पहिलाच प्रश्न : “अशा यंत्रांच्या मर्यादा कोणत्या?” मी अकरा मिनिटे अस्खलित बोलले. तिन्ही परीक्षक सतत हसत होते (माझ्या मुद्देसूदपणावर, अशी माझी समजूत). “सोमवारपासून या,” ते म्हणाले.

मुलाखत संपली, लॅपटॉपच्या काळ्या पडद्यात माझे प्रतिबिंब दिसले आणि मी त्या दिवसाचा शेवटचा आकडा नोंदवला : ‘वेण्या – दोन.’