जावीर मास्तरांचं काळं आभाळ

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर श्रावणात इतकं शेवाळ धरायचं की शिपाई खराटा घेऊनच उभा. बावन्न-त्रेपन्न साली त्याच्या हातातला तो खराटा एका नव्या मास्तरांनी चक्क हिसकावून घेतला. "खरवडतोस काय? आमच्या आटपाडीला एवढ्या हिरव्यासाठी खंडोबाला नवस बोलत्यात!" आणि गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा ते ओल्या भिंतीवरून हात फिरवत राहिले. हे आमचे चित्रकलेचे जावीर मास्तर. मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचे, आणि इथलीच, टेंभी नाक्याला जन्मलेली. चपलांना बुरशी, पातळांना दमट वास. हिरवा म्हटलं की मला पाय घसरल्याचीच आठवण यायची. हा माणूस वेडा आहे, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

पण वेड मोठं गोड होतं हो! ढग भरून आले की मास्तर वर्ग सोडून व्हरांड्यात. "बाई, काळं आलं! काळं आलं!" पोटचा मुलगा विलायतेहून परतल्यासारखी हाक. "मास्तर, माझं वाळत घातलेलं भिजतंय," असं मी करवादले तर म्हणायचे, "भिजू द्या! रंग डोळ्यानं न्हाई बघायचा, बाई. घशानं बघायचा. घसा कोरडा पडल्याबिगर हिरवा कळत न्हाई." वर्गात त्यांनी स्वतः रंगवलेला एक तक्ता टांगला होता. हिरवा आनंदाचा, काळा आशेचा, पिवळाधमक दुःखाचा. मुली तो पाढ्यासारखा घडाघडा म्हणायच्या.

घोळ झाला तो चैत्रात. सरकारी चित्रकला परीक्षेला कोणाला पाठवायचं, ते मास्तर ठरवणार होते. त्यासाठी त्यांनी विषय दिला, 'आनंदाचा दिवस'. कोपरीपलीकडच्या मिठागरावरून येणारी पारू म्हात्रे वर्गात सगळ्यांत सुंदर चित्रं काढायची. "परीक्षेला घेतली तं शाला, नाय तं उद्यापासून आगरावर," असं बापानं तिला बजावलं होतं. पोरीनं कागदभर जळजळीत पिवळं आभाळ काढलं, खाली पांढरे ढीग आणि त्यांच्याभोवती हसणारी माणसं. हिरवं पान औषधालाही नाही. मास्तर चित्र बघून उसळलेच. "दुष्काळात हसत्यात व्हय माणसं? माझी आई ह्याच आभाळाखाली दोन कोस पाण्याला जायाची!" आणि त्यांनी परीक्षेच्या यादीतलं तिचं नाव खोडलं. पारू रडली नाही. एवढंच म्हणाली, "मास्तर, एकदा आमच्या आगरावर या. मंग खोडा."

मला भयंकर राग आला होता. रविवारी मी मास्तरांना जवळजवळ ओढतच तिकडे नेलं.

मिठागर उन्हात असं लखलखत होतं की डोळे उघडवेनात. पुरुष वाफ्यांतलं मीठ ओढत होते, बायका गाणं म्हणत पाट्या वाहत होत्या, आणि चार महिन्यांच्या घामाचे ढीग उघड्यावर उभे होते. तेवढ्यात खाडीवरून एक काळा ढग वर आला. झालं! मास्तरांनी दोन्ही हात वर केले आणि जन्माच्या सवयीनं ओरडले, "काळं आलं! आलं बघा!"

गाणं तुटलं. सगळं मिठागर आमच्याकडे बघायला लागलं. पारूची आई पाटी टाकून तरातरा पुढे आली. "नाचतंस काय, मास्तर? तो पडला का आमचा सगला मीठ पान्यान जाईल. मंग पोरांना काय घालू खायाला?"

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी धोतर खोचलं आणि बांधावरच्या गवताच्या पेंढ्या उचलून ढिगांवर टाकायला धावले. मीही पदर खोचला. काय धावलो आम्ही! दोन थेंब माझ्या कपाळावर पडलेसुद्धा. आणि आयुष्यभर ढगाची वाट बघितलेला तो माणूस आभाळाकडे तोंड करून हात जोडून विनवत होता, "जा रे बाबा, हितं नको! आटपाडीला जा! तिथं तुला ओवाळत्यात!" वारा फिरला. ढग कल्याणच्या अंगाला सरकला. लख्ख ऊन पडलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मास्तरच ओरडले, "पिवळं आलं!" पारूची आई पोट धरधरून हसली. मला मात्र रडू आलं, का ते तेव्हा कळलं नाही.

सोमवारी त्यांनी यादीत सगळ्यांत वर पारूचं नाव लिहिलं आणि भरल्या वर्गात तिच्यापुढे हात जोडले. "पोरी, तुझ्या चित्राला मी माझ्या गावचं आभाळ लावलं. चुकलो." मास्तरानं मुलीची माफी मागायची, ही त्या काळी ऐकिवात नसलेली गोष्ट. पारू आधी बावरली. मग हळूच म्हणाली, "मास्तर, तुमच्या गावचा आभाल कसा असतं? मना काढून दावा ना."

मास्तरांनी खडू उचलला आणि फळ्याशी उभं राहून आपल्या आईबद्दल बोलायला लागले. घंटा झाली. पुढचा तास माझा होता, भूगोलाचा. मी दारात क्षणभर थांबले, हातातलं पुस्तक मिटलं आणि मागच्या बाकावर मुलींमध्ये जाऊन बसले.