सोडलेला चेंडू

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत हुमनाबादच्या माळावर आम्ही काथ्याची चटई अंथरून क्रिकेट खेळायचो. आमच्यात कापडाच्या दुकानात काम करणारा एक पोरगेला गडी होता. दुकानात गिऱ्हाईक रंग सांगायच्या आत त्याचा हात लाल ठाणावर पडलेला असायचा. बाई म्हणायची, "हिरवं दाखव." तो हसून लाल गुंडाळायचा आणि घाईत निळंच खाली ओढायचा. त्याच्यावर चिडणं मात्र कुणाला जमायचं नाही.

बॅट हातात आली की हेच. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटायच्या आधीच याची बॅट फिरायची. हातभर बाहेरून जाणाऱ्या चेंडूलाही तो वाकून गाठायचा. लागला तर ओढ्यापलीकडे, नाहीतर झेल. शेवटी कप्तान म्हणाला, "चिटगुप्पा गावासंगच्या मॅचला चेंडू बघून खेळ. न्हाई तर पुढच्या बारीला घरी बस."

त्या मॅचला मी पंच होतो. पहिला चेंडू बाहेरून गेला. तो सवयीनं वाकला, पण बॅट हलली नाही. दुसराही त्यानं जाऊ दिला. तिसरा बाहेर टप्पा पडून आत वळला आणि मधली यष्टी घेऊन गेला. बॅट तशीच खांद्यावर.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. चेहरा लग्नघरातल्यासारखा खुललेला.

"अण्णा, आज चेंडूचे टाके दिसले मला. आत वळायलाय ते बी दिसलं."

"मग मारलास कामून न्हाई?"

"बघतच ऱ्हायलो की," तो म्हणाला.