तात्यांचा न धुतलेला सदरा

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी इंदापूरला शाळेत होते. "तात्या गेले," एवढंच तो म्हणाला. सकाळी धार काढून, चहा पिऊन ओसरीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. आणि मला काय सुचावं? मी विचारलं, "संध्याकाळी रंगीची धार कोण काढणार?" वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल. माझ्या सासऱ्यांना आणि त्यांच्या म्हशीला ज्यांनी एकत्र पाहिलंय, त्यांना वाटणार नाही.

निरवांगीच्या आमच्या गोठ्यात रंगी ही एकच म्हैस, आणि तीही एकाच माणसाची. धारेला बसण्याआधी तात्या तिच्या पाठीवर तळहात ठेवून नुसते उभे राहायचे. बोलायचे नाहीत, थोपटायचे नाहीत. मग उकिडवे बसून गुडघ्यांत बादली धरायचे आणि रंगी पान्हा सोडायची. मी बारामतीत पिशवीच्या दुधावर वाढलेली. लग्नानंतर पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. "हसू नका मास्तरीणबाई," ते म्हणाले, "आधी तिला कळाय पायजे, कोन आलंय."

तीनेक वर्षांपूर्वी तात्या कडब्याच्या गंजीवरून घसरले. कमरेखालचं हाडांचं कडं पुढून आणि मागून मोडलं. बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर बाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी पडद्यावर ते हाड गोल फिरवून दाखवलं. पूर्वी यासाठी मोठी चिरफाड करावी लागायची, आता बारीक छिद्रांतून स्क्रू घालता येतात. पण वाट अरुंद, आणि शेजारून पायाच्या नसा गेलेल्या. म्हणून रोबो. आधी ठरवलेली दिशा त्याचा हात तसूभरही न हलता धरून ठेवतो, स्क्रू मात्र डॉक्टरच घालतात. "म्हंजी काम तुमीच करनार, त्यो नुस्ता धरून बसनार," तात्या म्हणाले. मग त्यांनी एकच विचारलं, "उकिडवं बसता येईल का?"

"चालाल नक्की, काका. उकिडवं... ते आत्ता नाही सांगता येत."

तात्यांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पायांवर चालता येईल याचा आनंद आम्हा सगळ्यांना झाला होता, पण त्यांना तो झालाच नाही. रंगीजवळ बसता येणार नसेल तर चालून जायचं कुठे, असा तो हिशेब होता.

पुढचं डॉक्टरांनीच नंतर हसत हसत सांगितलं. भूल देण्याआधी तात्यांना टेबलावर घेतलं. शेजारी रोबोचा हात निर्जंतुक प्लास्टिकच्या खोळीत तयार होता. तात्यांनी सावकाश आपला हात लांबवला आणि त्याच्यावर तळहात ठेवला! "अहो काका, हात लावू नका!" सिस्टर ओरडल्या. "आवो, त्याला कळाय नगं व्हय, कोन आलंय?" झालं... खोळ बदला, पुन्हा सगळी तयारी करा. "रागवायला तोंड उघडलं होतं मी," डॉक्टर म्हणाल्या, "पण त्यांचा चेहरा बघून रागवताच येईना."

इकडे घरी रंगी दूध चोरत होती. नवऱ्याला तिनं लाथ मारली. मग शेजारच्या काकूंनी त्यांच्या म्हशीवर मला धार काढायला शिकवलं आणि युक्ती सांगितली, तात्यांचा सदरा घालून बस. मी शहाणी, त्यांचा चांगला धुऊन इस्त्री केलेला सदरा घालून गेले. रंगीनं बादली उडवली. तात्यांना फोनवर सांगितलं तर खो खो हसले आणि कमरेत कळ आली म्हणून कण्हले. "धुतला व्हय सदरा? मंग त्यो माझा ऱ्हायला कुटं? गोठ्यात खुंटीला हाय त्यो घाल." घामाचा, कडब्याचा, शेणाचा वास असलेला तो सदरा मी नाक मुरडत चढवला. रंगीनं मान वळवून हुंगलं आणि पान्हा सोडला. मला रडू आलं.

तात्या वॉकर घेऊन घरी आले, मग काठी आली, मग काठीही गेली. हाड नीट जुळल्याचं पाहून डॉक्टरांनी परवानगी दिली, तीही "हळूहळू" असं बजावून. त्या संध्याकाळी मी गोठ्याच्या दारात उभी होते. त्यांनी पाठीवर तळहात ठेवला. मग खुंटा धरून खाली जाऊ लागले... आणि मध्येच थांबले. मी धावले. "थांब," म्हणाले, आणि बसले. बादलीत पहिली धार वाजली तेव्हा सगळं घर दारात गोळा झालं होतं. त्यानंतर अगदी शेवटच्या सकाळपर्यंत रंगीची धार त्यांनी कुणाला काढू दिली नाही.

ते गेले त्या संध्याकाळी माणसांनी भरलेल्या घरातून उठून मी गोठ्यात गेले आणि खुंटीवरचा सदरा घालून रंगीची धार काढली. नंतर पाहुण्यांनी त्यांचे कपडे वाटून टाकले; हा एवढा मी दिला नाही. रोज तो घालूनच धारेला बसू लागले; धुवायलाही कुणाला दिला नाही.

परवा शाळेतून यायला उशीर झाला. रंगी रेकत होती. घाईत मी तशीच साडीवर गेले, तिच्या पाठीवर तळहात ठेवला आणि उभी राहिले. धार निम्मी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, सदरा खुंटीवरच होता. रंगीला आता तो लागत नाही.

मी उठले, सदरा अंगात घातला आणि राहिलेली धार काढली.