लिंबाजीनं पदरचा घातलेला सीन

पालमच्या आठवडी बाजारात बैलगाडीवर भोंगा बांधून लिंबाजी बोलायला लागला, की घासाघीस करणारी माणसंसुद्धा गप व्हायची. तंबूतल्या टॉकीजची जाहिरात करणं हे त्याचं काम. मिरच्या विकणारी चतुराबाई तर म्हणायची, तिकीट कशाला काढायचं, लिंबाजीचं ऐकलं की भागतंय! गंमत अशी, की लिंबाजीनं पिक्चर पाहिलेलाच नसायचा. पिक्चरची पेटी यायची दुपारच्या यष्टीनं आणि भोंगा सुरू व्हायचा सकाळी. मॅनेजर किशनराव पोस्टर दाखवून दोन ओळी सांगायचे, बाकीचं सगळं लिंबाजी पदरचं घालायचा. नाग नसला तर नाग, मारामारी नसली तर मारामारी. लोकांनी कधी तक्रार केली नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात असाच एक पिक्चर आला. त्याचं नाव मी सांगणार नाही, उगाच तोंड कशाला विटाळा. किशनराव म्हणाले, विनोदी आहे, मेलेल्या माणसाला यमाच्या दरबारातून एका दिवसाची रजा मिळते आणि तो घरी येतो. बस, एवढंच. पोस्टरवर रेड्यावर उलटा बसलेला ढेरपोट्या यम.

बुद्धाची दीक्षा घेतल्यावर लिंबाजीच्या घरातून छप्पन्न सालीच देव्हारा गेला होता, यमाबिमाला तिथं कोण विचारतो. पण ती एका दिवसाची रजा त्याच्या मनात जी बसली ती बसलीच. तो गाडीवर चढला आणि बोलत सुटला. माणूस घरी येतो, दारात पाय धुतो आणि बायकोला म्हणतो, "वाढ भाकर. आज भांडण न्हाई." बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं, पण भोंग्यातून गेलेला शब्द काही परत येत नाही.

कारण हे त्याच्याच घरातलं होतं. त्याचा बाप सिताराम पूर्णेला रेल्वेच्या गँगमध्ये होता. एका सकाळी कोरड्यासात मीठ जास्त पडलं म्हणून तो बायकोवर खेकसला, भरल्या ताटावरून उठला, बांधलेली भाकरही न घेता कामावर गेला आणि दुपारी रुळावरच ऊन लागून पडला. परत आला तो चौघांच्या खांद्यावर. लिंबाजी तेव्हा सहा वर्षांचा. तेव्हापासून त्याची माय चांगुणाबाई स्वतः अळणी खायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, दाक्तरनं सांगितलंय. कसला दाक्तर अन्‌ कसलं काय!

त्या दिवशी भोंगा घरापर्यंत ऐकू गेला होता. लिंबाजी दिवस कलताना घरी येऊन बघतो तर माय धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी. जन्मात कधी तंबूची पायरी न चढलेली बाई म्हणाली, मीबी येते. सून सत्यशीला खूश झाली. लिंबाजीला मात्र खरं सांगावं तर जीभ उचलेना. शेवटी त्यानं मनाची समजूत घातली, की एवढी मोठी गोष्ट हाती असल्यावर असला सीन कोण गाढव सोडील?

सोडला की गाढवांनी! सुरुवात झकास होती. यमाचा कारकून, रजेचा अर्ज, लोक पोट धरून हसले. पण मेलेला माणूस खाली आला आणि पिक्चरचंच डोकं फिरलं. तो दह्याच्या रांजणात पडला, बाई होऊन नाचला, दोन पैलवान त्याच्या मागं लागले. बायको दोनदाच आली, दोन्ही वेळा लाटणं घेऊन. रजा संपली तरी गडी घरी गेलाच नाही. लिंबाजी तंबूच्या दोराशी उभा राहून बायकांच्या बाजूला बघत होता. सगळ्या हसत होत्या. पडद्यावर कुठलंही दार दिसलं, की त्याची माय तेवढी पुढं सरकून बसायची. ते बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं भाकरी थापताना मायनं हळूच विचारलं, "लिंबाजी, त्या भाकरीची रीळ तुटली व्हती का रं?"

तंबूत रीळ रोजच तुटायची, तुकडाच्या तुकडा गायब व्हायचा. हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं.

"न्हाई माय," तो म्हणाला. "पिक्चरमधी ते नव्हतंच. म्या घातलं."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. "त्या दिशी सकाळी तर तू झोपला व्हतास."

"जागा व्हतो."

तिनं भाकर तव्यावरून काढून विस्तवाला लावली. मग म्हणाली, "मंग पुढचंबी तूच सांग. जेवला का त्यो?"

आख्ख्या बाजाराला ऐकू जाणारा लिंबाजीचा आवाज, पण आता तो मायपुरताच ठेवायचा होता. तो मायच्या जवळ जाऊन बसला.

"जेवला. दोन भाकरी खाल्ल्या. म्हणाला, मीठ बराबर हाय. त्या दिशीबी बराबरच व्हतं, माझंच टाळकं फिरलं व्हतं."

"लबाड," माय म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "बापासारखाच लबाड हायस."

मग तिनं तिघांची ताटं वाढली. लिंबाजीचं, सत्यशीलाचं आणि आपलं. मिठाचं मडकं पुढं ओढलं, चिमूटभर मीठ घेतलं आणि बावीस वर्षांनी स्वतःच्या ताटात वाढून घेतलं.