पाठमोरे चाचा

आमच्या मिस्त्रीचाचांइतका हट्टी माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत दुसरा नाही, आणि असलाच तर त्यानं माझ्यासमोर येऊ नये, मला एकच पुरे झाला. भूकंपानंतर ढिगारे उपसायला वडिलांनी जुना चेनचा डोझर घेतला, तेव्हापासून चाचा आमच्या मानगुटीवर. या यंत्राला स्टिअरिंगचं चाक नसतं. दोन लिव्हर आणि दोन ब्रेकची पेडलं. उजवं लिव्हर ओढून उजवं पेडल दाबलं की उजवी चेन थांबते आणि यंत्र तिकडं वळतं. पेडल किती खाली गेल्यावर ब्रेक धरावा, हे चाचा बोटांनी मोजत. "तीन बोटं खेळ पायजे." कुणाची बोटं? "माझी! तुझी काय, भेंड्या हायेत." एकदा विष्णुपुरीच्या कॉलेजातला एक इंजिनिअर मोजायला पट्टी घेऊन आला. चाचांनी ती घेतली, तिनं पाठ खाजवली आणि आदबीनं परत केली.

कपडे मात्र पांढरेशुभ्र, इस्त्रीचे. ग्रीसचा एक ठिपका उडाला तरी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आणि काम झालं की ती जीवघेणी परीक्षा! चाचा उताराच्या पायथ्याशी, यंत्राकडं पाठ करून, चहाची कपबशी घेऊन उभे राहायचे. मी डोझर वरून आणायचा आणि त्यांच्या मागं दहा पावलांवर थांबवायचा. "उभा मी राहून राहिलो, अन् घाबरतो तू?" म्हणायचे. घाबरायचोच. माझी सीट घामानं भिजायची.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, गल्लोगल्ली होस्टेलं उभी राहिली. अशाच एका मुलींच्या होस्टेलशेजारचा चढ आम्ही सपाट करत होतो. चाचांनी सकाळीच ब्रेक जुळवले. वय झालं होतं, हात कापायचे, पण बोलायची कुणाची छाती? चाचा खाली पाठमोरे उभे, डाव्या अंगाला होस्टेलची भिंत, खिडक्यांत पुस्तकं घेऊन बसलेल्या मुली. मी पहिल्या गिअरमध्ये निघालो. वीस पावलं राहिली. पंधरा. दोन्ही पेडलं दाबली, तर उजवं थेट तळाला! नुसतं डावं धरावं तर यंत्र वळून भिंतीत जाणार, सोडावं तर चाचांवर. "चाचाऽऽ!" इंजिनाच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येईना. मी पुढचं ब्लेड खाली टाकलं. माती उकरत, कण्हत डोझर थांबला. चाचांपासून दोन हातांवर.

चाचा वळले.

"माझा पाय घसरला, चाचा," मी म्हणालो. साफ खोटं.

"तुझा पाय न्हाई घसरत."

त्यांनी ब्रेकवरचं झाकण उघडलं. उजव्या ब्रेकचा नट आवळायचाच राहिला होता. आता माझं काही खरं नाही, म्हणून मी कान झाकून घेतले.  चाचा वाकले, पान्हा लावला, सावकाश नट आवळला. मग बाजूला सरकले.

"बघ रे, बसला का?"

मी पाहिलं. घट्ट होता. "बसलाय, चाचा."

"मंग दुसरा बी बघ."

इतक्या वर्षांत चाचांनी आपलं काम कुणाला तपासायला सांगितलं नव्हतं.  दुसराही घट्टच होता. मी तसं दोनदा सांगितलं. ते नुसतं "हाव" म्हणाले, आणि मला वाटलं, यापेक्षा यांनी मला एक सणसणीत शिवी हासडली असती तर किती बरं झालं असतं.