उसनी जोखीम

पुरस्काराचा फोन आला तेव्हा मी आर्वीच्या बाजार समितीत सोयाबीनच्या पोत्यावर बसून भाव लिहून घेत होते. तालुक्याच्या बातमीदाराचं आयुष्य असंच जातं. सोयाबीनचे भाव, एसटीच्या रद्द झालेल्या फेऱ्या, कुणाच्या तरी निवडीबद्दल कुणीतरी केलेलं अभिनंदन. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सत्काराच्या बातम्या दिल्या. शाल-श्रीफळ हे शब्द माझी बोटं न बघता टाइप करतात. म्हणून नागपूरचे ते गृहस्थ फोनवर जेव्हा म्हणाले, "मॅडम, मानवी हक्कांच्या पत्रकारितेचा यंदाचा पुरस्कार तुम्हाला," तेव्हा मी सवयीनं विचारलं, "कार्यक्रम किती वाजता आहे?"

घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. नवऱ्याचं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे सांगितलेली गोष्ट तासाभरात तालुक्याची होते. दुसऱ्या दिवशी आमच्या विहाराच्या कमिटीनं चौकात फ्लेक्स लावला. फोटो माझ्या मतदार ओळखपत्रावरचा, त्यात मी फरार आरोपीसारखी दिसते. नवऱ्याला म्हटलं, दुसरा मिळाला नाही का? तो म्हणाला, "तू दुसऱ्यात तरी कुठं हासतं?"

हसण्यासारखी ती बातमीच नव्हती. जिल्ह्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात (कुठलं ते सांगणार नाही) दिवाळीच्या सुट्टीवरून परतलेल्या मोठ्या मुलींची लघवी तपासली जात होती. मुलगी पोटुशी तर नाही ना, हे बघायला. रांगेत उभं करून, हातात प्लास्टिकचा पेला देऊन. बहुतेक मुली आदिवासी पाड्यांवरच्या. कुणी घरी सांगत नव्हतं, आणि घरी कळलं तरी घरचे बोलत नव्हते.

मला हे सांगितलं तिथल्या स्वयंपाकीणबाईनं. गावाकडच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर कोथिंबिरीची जुडी. मी पेपरवाली आहे हे कंडक्टरच्या बोलण्यावरून तिला समजलं. तीन थांबे गेले. मग खिडकीकडे बघतच म्हणाली की चाचणीच्या पट्ट्यांची रिकामी खोकी चुलीत जाळायचं काम तिच्याकडे दिलं होतं. पहिल्या वेळी तिनं न बघता जाळली. दुसऱ्या वेळी रांगेत तिची स्वतःची लेक होती.

उतरताना तिनं माझं मनगट धरलं. "ताई, माह्यं नाव येऊ देऊ नका. मी रोजंदारीवर हाये. अन् लेकीची यंदा दहावी हाये."

मी शब्द दिला आणि बातमीत तो पाळला. सुगावा तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून मी आधी सगळ्यात लांबच्या पाड्यावर गेले, मग मधल्या, मग तिसऱ्या. पालकांशी बोलले, नावं कुणाचीच घेतली नाहीत. बातमी आली, चौकशी आली, वसतिगृहाच्या अधीक्षकबाईंची बदली झाली, तपासणी थांबली. कोण फुटलं म्हणून आत बरीच शोधाशोध झाली, पण स्वयंपाकीणबाईवर कुणाचा संशय गेला नाही. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

पुरस्कार घोषित झाल्यानंतर काही दिवसांनी, एका मंगळवारी, नागपूरच्या गृहस्थांनी मानपत्राचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. नावाची वेलांटी बरोबर आहे का बघा, म्हणाले. वेलांटी बरोबर होती. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, "त्याच वसतिगृहात नऊ वर्षे स्वयंपाक करणाऱ्या आणि जिची स्वतःची कन्या तेथेच दहावीत शिकत आहे अशा एका मातेने, पोटावर पाय येण्याचे भय असतानाही, यांच्यापुढे मन मोकळे केले."

अशी बाई त्या वसतिगृहात एकच होती. हे मानपत्र सभागृहात मोठ्यानं वाचलं जाणार, स्मरणिकेत छापलं जाणार, आणि फ्रेम करून मला मिळणार.

हे त्यांना कुणी सांगितलं, असा प्रश्न मी स्वतःला विचारला, पण तो नाटकीपणा होता. मीच सांगितलं होतं. अर्जात एक प्रश्न होता, ही बातमी मिळवताना आपण कोणती जोखीम पत्करली? त्या रकान्यासमोर मी तासभर बसले होते. खरं उत्तर होतं, काही नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं. स्कूटीचं टायरसुद्धा पंक्चर झालं नव्हतं. बाकीच्या अर्जदारांनी काय काय लिहिलं असेल, या विचारानं मला आपला अर्ज अगदीच पुचाट वाटला. जोखीम माझ्याकडे नव्हती, म्हणून मी स्वयंपाकीणबाईची उसनी घेतली. छान सजवून लिहिली. आणि खाली, या अर्जातून कुणाचीही ओळख उघड होत नाही, या ओळीपुढे बिनदिक्कत खूण केली.

मी लगेच फोन लावला. गृहस्थ सज्जन होते, पण म्हणाले, "मॅडम, ते वाक्य तर मानपत्राचा प्राण आहे. अध्यक्षांना फार आवडलं. काढायचं तर समितीला लेखी कारण द्यावं लागेल. पानं सोमवारी छपाईला जातील."

लेखी कारण. म्हणजे ज्या ओळीपुढे मी खूण केली होती ती खोटी होती, हे सहीनिशी कबूल करायचं. मग पुरस्कार राहतो कशाला? मी ते पत्र मंगळवारी लिहिलं नाही. बुधवारीही लिहिलं नाही. वाक्य नुसतं मऊ करता येईल का, नऊ वर्षांच्या जागी 'अनेक वर्षे' चालेल का, असले धंदे करत बसले. एरवी सरकारी बाबूनं दोन दिवस फाईल दाबली तर मी त्याला पेपरात सोलून काढते. ते दोन दिवस मी माझी फाईल दाबून बसले होते, आणि त्या बाईच्या पोरीच्या, संसाराच्या, पोटाच्या गोष्टीपेक्षा मला मिळायच्या शालीचा रंग जास्त दिसत होता. याची लाज मला आजही वाटते.

गुरुवार हा तिच्या बाजाराचा दिवस. मी वसतिगृहापासून दोन थांबे अलीकडच्या एसटी थांब्यावर जाऊन उभी राहिले. ती वांगी आणि मिरच्यांची पिशवी घेऊन आली. मला बघून आधी हसली. तिनंही फ्लेक्स पाहिला होता.

मी सगळं सांगितलं.

"फॉर्मात कोणं लिवलं?"

"मीच."

"काऊन?"

"त्यांनी विचारलं होतं, तुम्ही काय धोका घेतला. माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं."

"म्हून माह्यं लिवलं."

"हो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवीचं तोंड पुन्हा घट्ट बांधलं. "पेपरात तुमी मले लपवलं, तवा मले वाटलं बाई पक्की हाये," ती म्हणाली. "परीक्षेले पंधरा दिवस राह्यले, ताई. सोमवारच्या आंदर काढून टाका." एसटी आली आणि ती चढली.

शुक्रवारी सकाळी मी पत्र पाठवलं. अर्जातला मजकूर देण्याचा मला अधिकार नव्हता, माझ्याकडून विश्वासभंग झाला, असं सरळ लिहिलं. शनिवारी संध्याकाळी उत्तर आलं. माझ्या प्रामाणिकपणाचा आदर करून, परंतु नियमानुसार, यंदा हा पुरस्कार कुणालाही न देण्याचं समितीनं ठरवलं होतं. मजकूर गोपनीय राहील अशी हमीही दिली होती. मी ते उत्तर चारदा वाचलं आणि मग जेवले. चार दिवसांत पहिल्यांदा नीट जेवले.

पण सुटका झाली नव्हती. पुरस्कार का गेला हे मला कुणालाच सांगता येईना. कारण सांगायचं तर तिच्यापर्यंत जावं लागत होतं. विहाराच्या कमिटीतले लोक फ्लेक्स उतरवताना माझ्याकडे बघेनात. दुकानात गिऱ्हाईकं नवऱ्याला विचारू लागली. त्याला मी खरं सांगितलं होतं, तो बिचारा "तांत्रिक कारण हाये" म्हणून झेरॉक्स काढत राहायचा. आठवड्याभरात तालुक्यानं आपलं कारण शोधून काढलं. बातमी खोटी निघाली, म्हणून पुरस्कार परत घेतला.

माझ्याबद्दल कुणी काही बोलो, तितकी कातडी या धंद्यात जाड होते. भीती वेगळीच होती, बातमी खोटी ठरली तर ती तपासणी पुन्हा सुरू होईल ही. परीक्षेच्या आधी वसतिगृहात पालक सभा होती, आणि तिथे पालकांकडून आरोग्य तपासणीच्या संमतीपत्रावर सह्या घेणार आहेत, असं कानावर आलं. कसली तपासणी, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी सभेला गेले आणि मागच्या सतरंजीवर बसले.

मंडपात पाऊणशे माणसं असतील. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यानं माईक घेतला. मुलींच्या आरोग्याबद्दल बोलता बोलता तो माझ्यावर आला. "मागं एका पेपरात आपल्या वसतिगृहाची बदनामी झाली. ते बातमी खोटी होती. तिले भेटलेला पुरस्कार बी वापस घेतला. बाई इथंच बसल्या हायेत, इचारा त्याईले."

सगळे वळले. मी उठून उभी राहिले. म्हणाले, बातमी खरी आहे, मी पालकांशी बोलले होते.

"कोणत्या पालकांशी? ज्यानं सांगतलं असन त्यानं हात वर करा."

त्या गर्दीत मला तीन चेहरे ओळखीचे दिसत होते. तिन्ही पाड्यांवरचे. ते खाली बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, माझी नजर कुठे जाते ते तो बघत होता. मला सांगता येत नव्हतं आणि बसता येत नव्हतं. संमतीपत्रांचा गठ्ठा पहिल्या रांगेतून मागे सरकू लागला होता.

"मी सांगतलं."

चहाची केटली हातात घेऊन ती मंडपाच्या कडेला उभी होती. "खोके मी जाळले. माह्यी पोरगी होती लाइनीत. बातमी खरी हाये." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी बसा, ताई."

मी बसले. पुढे काय काय झालं ते सलग आठवत नाही. माईकवर आरडाओरडा झाला. एका आईनं हातातलं संमतीपत्र घडी करून ब्लाउजमध्ये ठेवून दिलं, सही न करता. मग दुसरीनं. गठ्ठा परत गेला तेव्हा त्यावर फार थोड्या सह्या होत्या. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी वहीत भराभर लिहीत होते. आठवीपासूनच्या मुली मंडपाच्या मागे कट्ट्यावर बसलेल्या होत्या, त्यांच्याकडे मी वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर येऊ नको म्हणून निरोप आला. या वेळी तिनं नावासकट बातमी छापू दिली, आणि ती छापून आल्यावर दुसरं काम मिळवण्यासाठी माझी आणि तिची धावाधाव सुरू झाली. ती अजून चालू आहे. लेकीला वसतिगृहातून कुणी काढलं नव्हतं, पण तिथे राहायला ती तयार नव्हती. परीक्षेचं केंद्र आर्वीत होतं, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. शांत मुलगी. ताट स्वतः घासायची, पंख्याखाली बसून पाठ करायची. मला मात्र चैन नव्हतं. केंद्रावर वसतिगृहातल्या बाकीच्या मुली भेटत असतील, त्या काही बोलत असतील का, पेपरला हिचं लक्ष लागत असेल का. रोज तिला सोडायला मी जायचे आणि फाटकापाशी घुटमळायचे.

शेवटच्या पेपरच्या सकाळी ती वेणी घालत होती. मी न राहवून विचारलं, "आई माझ्यावर रागावली आहे का गं?"

"नाई," ती म्हणाली. "आईनं तुमाले केव्हाच माफ केलं."

मला बरं वाटलं. तेवढ्यात आरशात बघतच ती म्हणाली, "रांगेत मी होती, काकू. मी आईले सांगतलं. आईनं तुमाले सांगतलं, तुमी पेपरात लिवलं, नागपूरवाल्याईले लिवलं. मंग आईनं सगळ्या गावापुढं सांगतलं. मले कोणीच नाई इचारलं."

मी म्हटलं, "आता विचारते."

तिनं रिबिनीची गाठ मारली, कंपास आणि हॉल तिकीट पिशवीत टाकलं. "आता नको, काकू," ती म्हणाली. "आता भूगोलाचा पेपर हाये."