तांबडं पुस्तक

मुळगावच्या वाचनालयात पद्माबाय वीस वर्षं पुस्तकं देत-घेत आली. गाव लोहखनिजाच्या खाणीजवळचं, वाचणारे बहुतेक तांबडी माती वाहणारे ट्रकवाले. हात कितीही धुतले तरी पानावर तांबडा अंगठा उठायचाच. कोण कुठवर वाचून कंटाळला, ते तिला त्यावरून कळायचं.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी वाचनालयाच्या अध्यक्षांनी पेपरातली सर्वाधिक खपाच्या पुस्तकांची यादी फळ्यावर डकवली आणि तीच पुस्तकं मागवली. सहा महिन्यांनी ते पुन्हा आले. "आता ती जुनी मळकी रद्दीत काढा."

पद्माबायला वाद घालायचाही कंटाळा आला होता. तिने यादीतलं पहिलं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. तिसाव्या पानापर्यंत अंगठे, पुढे सगळं कोरं. मग एक फाटकं पुस्तक ठेवलं. ते शेवटच्या पानापर्यंत तांबडं होतं.

"शी! किती घाण!" अध्यक्षांनी हात मागे घेतला.

तेवढ्यात सावंतवाडीकडचा ड्रायव्हर सगुण दारात आला. "पद्माबाय, तां तांबडा पुस्तक परत इला काय?"

तिने ते फाटकं पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याचं कव्हर मुळात निळं होतं, हे आता तिच्याशिवाय कुणालाच आठवत नव्हतं.